सकूची जोडवी कापली तेव्हा

डॉक्टरीणबाईंनी सकूच्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला, आणि पडलेला खड्डा तसाच राहिला. भिलाईतल्या पोलाद कारखान्याच्या भट्टीच्या पायासाठी मी एवढं खोल खणलं होतं की खालून पाताळातल्या लोकांची भांडणं ऐकू यायची. पण बायकोच्या नडगीवरच्या त्या एवढ्याशा खड्ड्यानं माझी बोबडी वळवली.

"टॉक्सिमिया आहे," बाई म्हणाल्या. मी मान डोलावली. कारखान्यातले रशियन साहेब बोलले की अशीच डोलावायचो. मग त्यांनी समजावून सांगितलं. गरोदरपणात रक्ताचा दाब चढतो, लघवीतून प्रोटीन जातं, अंगात पाणी साठतं. वारेतून बाळाला रक्त कमी पोचतं. वेळेवर कळलं नाही तर बाळ पोटातच जातं, आईलाही झटके येतात.

"हे पहिलंच का?"

"दुसरं जी," सकू म्हणाली. "पहिलं रडलंच नाई."

आम्ही भंडाऱ्याकडचे. ठेकेदाराकडे मातीकाम करायचो आणि नाल्यापलीकडे बांबूच्या ताटव्यांच्या झोपड्यांत राहायचो. पहिल्याला त्याच नाल्याच्या काठी पुरलं होतं. आमच्याकडे मेलेल्या लेकराचं कारण एकच, नशीब. आणि सुजलेल्या पायांना नाव एकच, बरकत. अर्धपोटी वस्तीत कोणाचं अंग भरलेलं दिसलं की लोक कौतुकच करणार! या खेपेला सकूचे पाय फुगले तसा मी चहाच्या टपरीवर सांगत सुटलो, "माही बायको भिलाईच्या हवेवर अशी अंग धरून राहिली, का झोपडीले दुसरं दार काढा लागन!"

मग जोडवी बोटांत रुतली. बोटं जांभळी पडली, तरी सकू कापू देईना.

"नवरा जिता असताना जोडवी कापते का कोणी? तुमाले काही झालं म्हंजे?"

"मले काय होते? मी भट्टीच्या चिमणीवरून पडलो तं चिमणी वाकली, मी नाई!"

"हो, आन् चिमणीनं तुमची माफी मांगली असन."

एवढं बोलून ती हसली आणि डोकं धरून खाली बसली. डोकं कधीचंच ठणकत होतं. डोळ्यांपुढे वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात, असंही म्हणायची. मला वाटलं, माझ्या संगतीनं हीपण फेकायला शिकली.

शेवटी तिचं न ऐकता करवत मागायला मी सेक्टरात, कारखान्याच्या वसाहतीत, गेलो. आमच्या गावचा एक फिटर तिथे पक्क्या क्वार्टरात राहायचा. माझ्या हातून जोडव्यासोबत पायही जाईल, म्हणून त्याची बायको काशीवहिनी स्वतःच करवत घेऊन आली. तिनं पाय हातात घेतला आणि थांबली.

"भाऊजी, हे अंग नोहे, पाणी व्हय. मी पोटुशी होती तवा सिस्टरबाई दर खेपेले माही नडगी दाबून पाहे. इकडं कोणी येत नाई का?"

कोण येणार? सडक नाल्यापर्यंत, नळ नाल्यापर्यंत, सिस्टरही नाल्यापर्यंतच.

जोडवी तुटली. सकू डोळे फाडून माझ्याकडे बघत राहिली. मी जिवंत आहे हे तिला कळावं म्हणून मी बैलासारखा फुसफुसून श्वास घेतला.

तसंच तिला बैलगाडीत घालून कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. दारावरच्या बाबूनं कारखान्याचं कार्ड मागितलं. ठेकेदाराच्या माणसाला कुठलं कार्ड? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोटातल्या बाळाकडेही नाही. आत घ्या."

नडगीवर खड्डा पडला तो तिथेच. मग अळणी जेवण, डाव्या कुशीवर झोपणं, दाब उतरवायच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ दंडाला दाब मोजायचा पट्टा. मी व्हरांड्यात बसून असायचो. एकदा बाई बाहेर आल्या तेव्हा धीर करून विचारलं, "पहिलं वाचलं असतं का जी?"

"तपासलं असतं तर बहुतेक," त्या म्हणाल्या. "सेक्टरातल्या बायकाही सुजतात. त्या मला सुजल्याबरोबर भेटतात. तुमच्याकडच्या भेटतात मूल गेल्यावर. आजार तोच आहे."

जन्मभर थापा मारल्या, पण ते एक खरं फार जड गेलं. मी असा गप्प झालो की वॉर्डातली आया सकूला विचारू लागली, "तुझा नवरा मुका आहे का?" सकू म्हणे हसून हसून खाटेवरून पडता पडता राहिली.

दाब काही उतरेना. शेवटी बाईंनी दिवस भरायच्या आधीच कळा आणायचं ठरवलं. दार बंद झालं. मी दारालाच कान लावून उभा.

आणि लेक रडली! प्लांटच्या भोंग्याहून मोठ्यानं. पाळी सुटली समजून अर्धे कामगार घरी निघाले, विचारा कोणालाही. पोरगी एका मोठ्या बोल्टाएवढी, पण आवाज सगळ्या भट्टीचा.

पुढे सकू लेकीला कडेवर घेऊन झोपडी-झोपडी फिरली. पोटुशी दिसली की नडगी दाबायची. खड्डा राहिला की काशीवहिनीला निरोप आणि बैलगाडी दवाखान्याला. कार्डाचं भांडण माझ्याकडे असायचं.

म्हणून सांगतो बावा, घरातल्या पोटुशीचे पाय फुगले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे ठिणग्या उडाल्या, तर कौतुक मागून करा, आधी दाब मोजून घ्या. जोडवी कापायला घाबरली, तर तिला सांगा की भिलाईत एका थापाड्याच्या बायकोनं कापली होती. त्याची पोरगी आता स्वतः आजी झाली आणि तो अजून जिवंत आहे.

एवढी एक गोष्ट मी वाढवून सांगत नाही.