खिडकीतली पुस्तकं

स्पर्धा परीक्षावाल्यांच्या आमच्या अभ्यासिकेत एकच नियम कडक होता. खुर्ची वीस मिनिटांपेक्षा जास्त रिकामी दिसली, की वाट बघत उभा असलेला कोणीही तुमची पुस्तकं उचलून खिडकीत ठेवायचा आणि तुमच्या जागेवर बसायचा. भांडायची सोय नव्हती. त्यामुळे परीक्षेपेक्षा खुर्ची जाण्याचीच आम्हाला जास्त धास्ती.

माझ्या शेजारी निफाडची एक ताई बसायची. वयाच्या अटीमुळे तिचा हा शेवटचा प्रयत्न होता. सकाळी सातला बसली की थेट दुपारी डबा खायला उठायची. "पाणी कमी प्यायचं, म्हणजे उठावं लागत नाही," हे तिनंच मला शिकवलं, आणि मी मूर्खासारखी शिकले. दिवसाचे बारा-तेरा तास आम्ही दोघी तशाच बसून असायचो. सगळे तिच्या बैठकीचं कौतुक करायचे. मला तर तिचा हेवाच वाटायचा.

रूमवरची मैत्रीण कळवणची. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानावर पळायला निघताना ती रोज माझं पांघरूण ओढायची. "चल गं, दोन चकरा तरी मार. डोकं लय हलकं होतं."

"तुला पळायचे मार्क मिळतात, मला नाही," असं म्हणून मी कूस बदलायचे.

मग डावी चप्पल घट्ट व्हायला लागली. मी एक नंबर मोठी घेतली. आठवड्यात तीही रुतायला लागली. पोटरी आतून दुखायची, जिना उतरताना जास्तच. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी दुकानदाराला शिव्या दिल्या आणि पुन्हा खुर्ची धरली.

एका संध्याकाळी मैत्रिणीनं माझ्या पायाकडे पाहिलं आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी तिथला खड्डा तसाच राहिला. मग तिनं उजव्या नडगीवरही तसाच अंगठा दाबून पाहिला; तिथं खड्डा पडला नाही.

"हे चपलेचं नाय. ऊठ."

"उद्या टेस्ट आहे माझी."

"टेस्ट मरू दे. ऊठ म्हणते ना."

सोनोग्राफी झाली. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होती. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला किती तास बसता? मी आकडा सांगितला, तोही काहीशा अभिमानानं. ते लिहिता लिहिताच म्हणाले, "ही सुटून फुप्फुसात गेली असती, तर पायाकडे बघायची वेळच आली नसती." त्या रात्री मला पहिल्यांदा मरणाची भीती वाटली, आणि आपण कशापायी मरणार होतो हे आठवून स्वतःचा भयंकर राग आला.

बरं वाटल्यावर डॉक्टरांना विचारून मी मैत्रिणीबरोबर मैदानावर जायला लागले. ती पळायची, मी चालायचे. चार वेळा वाचून लक्षात न राहणारं आता दोन वाचनांत राहायला लागलं, झोपही लागायला लागली. तिचं म्हणणं खरं निघालं हे कबूल करायला मात्र मला पंधरा दिवस लागले.

महिन्याभरानं अभ्यासिकेत गेले. ताई त्याच खुर्चीवर होती. शेजारची खुर्ची रिकामी बघून मी बसले आणि तिला सगळं सांगितलं. वाचत होती त्या ओळीवरचं बोट न हलवता तिनं ते ऐकून घेतलं.

"पूर्वपरीक्षा होऊ दे गं. मग चालू दोघी."

तिची पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली होती. मी टेबलाखाली पाहिलं. उजवा पाय चपलेत होता. डावा चपलेबाहेर, गार फरशीवर टेकवलेला.

माझं डोकंच फिरलं. मी उठले, तिची पुस्तकं उचलली आणि खिडकीत नेऊन ठेवली. सगळी अभ्यासिका बघायला लागली. ताई उठली आणि खिडकीकडे निघाली. अंतर चार पावलांचं होतं. प्रत्येक पावलाला तिनं टेबलाचा आधार घेतला, आणि डावा पाय ती ओढत होती. पुस्तकं घेऊन ती तशीच परत आली, बसली आणि पान शोधायला लागली.

मी बाहेर जिन्यात जाऊन मैत्रिणीला फोन लावला.

"रिक्षा घेऊन ये," मी म्हणाले, "आणि तू वर ये. माझं एकटीचं ती ऐकायची नाही."