इनशिराहचे आठ किरात

"आणि मशीन कुणी मागितलं होतं रे? मी बापाची जमीन मागितली. तिच्यात कपडे धुता येत नाहीत, हे मला ठाऊक आहे!"

अंगणाच्या मधोमध नवंकोरं वॉशिंग मशीन उभं होतं. त्याच्या एका बाजूला इनशिराह, दुसऱ्या बाजूला तिचा धाकटा भाऊ वहदान.

"ताई, हा रदवा आहे," वहदान दात आवळून म्हणाला. "भावानं बहिणीला खूश करायचं, बहिणीनं जमीन सोडायची. सगळ्या सोहाग जिल्ह्यात हीच रीत आहे."

"खूश कोण दिसतंय तुला इथं?"

बाप गेल्याचा चाळिसावा दिवस होऊन आठवडा झाला होता. मागे राहिली चोवीस किरात, म्हणजे एकरभर जमीन. शरियतप्रमाणे दोन वाटे भावाचे, एक बहिणीचा, म्हणजे इनशिराहचे आठ. एकतिसाव्या वर्षी नवरा गेल्यावर लेक रिफातला घेऊन ती माहेरी परतली आणि पुढची अठरा वर्षं बापाबरोबर त्याच जमिनीत राबली. वहदान तेव्हा मोबाइलच्या दुकानात बसून चहा पीत असे. माणूस मोठा धार्मिक. लग्नातली गाणी त्याने बंद केली, बायकोचं नेलपॉलिश फेकलं. कुराणातल्या वाटणीच्या आयतीतले आपले दोन वाटे मात्र त्याला तोंडपाठ, तिसरा काही केल्या आठवेना.

साक्षीला मशिदीचे शेख आले होते. अंगठ्याची शाई घरूनच आणली होती त्यांनी.

"उम्म रिफात, जमीन परक्या घराण्यात जाऊ नये," तिला लेकाच्या नावानं हाक मारत ते म्हणाले.

"शेखसाहेब, तुमच्या तिघी बहिणी कशा आहेत?"

"अल्लाची कृपा."

"फ्रीज चालतात ना तिघींचे?"

शेखांना खोकला आला. आत वहदानची बायको नजफा फिस्सकन हसली. तिच्या भावांनी तिला शिलाई मशीन देऊन वाटेला लावलं होतं आणि तिला साधी गुंडी लावता येत नव्हती.

"कोर्टात गेलीस तर तू मला मेलीस!" वहदान किंचाळला.

"मेले तर माझा वाटा रिफातला जाईल. तो कुवेतहून येऊन थेट विकेल. विचार कर."

ह्याच वहदानला आपण कडेवर घेऊन वाढवलं, हे तिला आठवलं. शेखांनी तेवढ्यात शाईची डबी पुढे सरकवली. तिने ती झाकण लावून त्यांच्याच खिशात टाकली.

"नजफा, तूही ऐक," ती म्हणाली. "उद्या सकाळी मी कोर्टात दावा लावतेय. दुपारचं जेवण तुमचं तुम्ही बघा."