पासवर्डाची राखण

आमच्या डेअरीच्या हापिसात दुधापेक्षा किस्सेच जास्त जमा व्हत्यात. दूध निदान टँकरनं जातं, किस्से कुठं न्यायचे? मी शिपाई, चौथी नापास. सांगतो ते सरळ सांगतो.

रेखाताई कॉम्प्युटरवर. रोज दुपारी हातानं पासवर्ड टाकून साऱ्या हिशेबाची कॉपी दुसऱ्या मशीनवर काढायची. बाळंतपणाला माहेरी, घनसावंगीला जायला तिनं रजा मागितली. मॅनेजर साहेब म्हनले, "कॉपी आपोआप निघाली पाहिजे. न्हाई तर रजा न्हाई."

"बाळंतपण थांबतंय का तुमच्या सहीसाठी?" मी म्हनलो. साहेबांनी मला चहा आणायला पिटाळलं.

ताईनं मशीनला हुकूम लिहून दिला, त्यातच पासवर्ड घातला. साहेबांना लई कौतुक. त्यांनी तो हुकूम छापून फलकावर लावला, दुधाच्या फॅटच्या भावाशेजारी. एक दूधवाला माझ्यावरच चढला, "मामा, म्हैस पंच्याहत्तर? कव्हापासून? मला तर सत्तरच देऊन राह्यले."

पासवर्ड व्हता 'म्हैस७५'.

ताईनं तो बदलला. आता हुकूम चालू व्हतानाच पासवर्ड जोडायचा, असं ठरलं. पण मशीनवर काय काय चालू हाय ते जोडलेल्या पासवर्डासकट स्क्रीनवर दिसतं. साहेबांनी नेमकं तेच उघडलं अन् हापिसभर ऐकू जाईल असं वाचलं, "रेखा, हे 'गोदावरी९' काय चालू हाय?"

"चालू व्हतं साहेब. आता बंद."

मंग ताईनं पासवर्ड वेगळ्या फाइलीत ठेवला. मशीनवर 'बॅकप' नावाचं खातं काढलं. ती फाइल फक्त त्यालाच उघडायची. मीटिंगमध्ये डेअरीच्या चेअरमननी मशीन वापरणाऱ्यांच्या यादीत ते नाव बघितलं.

"हा बॅकप कोन? कुनाचा पाव्हना लावला?"

साहेब म्हनले, "त्याची फाइल मला बी उघडत न्हाई."

"म्हंजी तुमच्या वरचा हाय का?"

ताई म्हनली, "सांगितलं तेवढंच काम करतो, अन् गप बसतो."

"बिलकुल बराबर. मंग असे आनखी दोन घ्या."

रजा मंजूर झाली.

रोजची कॉपी निघाली की ताईच्या फोनवर मेसेज जायचा, शब्द तिनंच घातलेले. कळा सुरू झाल्या त्या दिवशी मी हापिसातून तूप घेऊन घनसावंगीच्या दवाखान्यात गेल्तो. ताई आत, फोन नवऱ्याच्या हातात. दुपारी फोन वाजला. त्यानं मोठ्यानं वाचलं, "सुखरूप झालं. कॉपी तयार."

गडी तसाच पळाला अन् पेढे घेऊन आला. त्याची सासू रडायला लागली. मी बी दोन खाल्ले.

तेवढ्यात नर्स बाहेर आली. पेढा तोंडात टाकून म्हनली, "कशाचे हो? अजून येळ हाय."