डाव्या अंगाची कळी

तात्या मास्तर गेल्याची चिठ्ठी गावाहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरने हातात ठेवली, तेव्हा मला आधी दुःख झालं नाही, दिलेला शब्द आठवला. महिन्यापूर्वीच, एका टळटळीत दुपारी, मालगुंडच्या अलीकडच्या त्यांच्या घरी मी तो देऊन आलो होतो...

मास्तर आम्हाला इतिहास शिकवत. इंग्लंडच्या त्या सहा बायकांच्या राजाचा धडा ते पुस्तक मिटून सांगत. "राणीला मुलगा होईना. राजाला दुसरी हवी. रोमचा धर्मगुरू काडीमोड देईना. मग राजानं काय केलान? रोमशीच नातं तोडलान नि धर्माचा मुख्य आपणच झाला. मठ मोडले, माणसं मारली. सुरुवात कुठून? घरातनं." इथे ते थांबत आणि डावीकडच्या भिंतीकडे बघत राहत. एरवी वात्रट असलेला आमचा वर्ग तेव्हा हसत नसे. कारण गावाला सगळं ठाऊक होतं.

गोष्ट स्वातंत्र्याआधीची. पहिल्या पत्नीला, सरस्वतीकाकूंना, मूल नव्हतं. दुसऱ्या लग्नासाठी मास्तरांनी ग्रामदेवीला कौल लावला. कौल म्हणजे मूर्तीला नुसत्या पाण्याने दोन कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तीनदा लावला, तीनदा डावी पडली. मास्तर भयंकर हट्टी. त्यांनी ओढ्यातली एक शिळा आणून पडवीत मांडली, आपली देवी हीच म्हणाले, आणि चारचौघांदेखत स्वतःच कौल लावला. उजवी पडली. सरस्वतीकाकू माहेरी गेल्या त्या परतल्या नाहीत. माईकाकू आल्या, त्यांनाही मूल झालं नाही. पण अर्धी वाडी शिळेमागे गेली, शिमग्याला दोन पालख्या निघू लागल्या, सख्ख्या भावांनी एकमेकांच्या विहिरीचं पाणी सोडलं. शिळेवरची डावी कळी मात्र कधी पडलीच नाही. वाळून काळी झाली, तरी चिकटून राहिली. लोक चमत्कार म्हणून हात जोडत. लहानपणी मी त्या पडवीतून डोळे मिटून पळत असे, कारण ती कळी आपल्याकडे बघते अशी माझी खात्री होती.

त्या शेवटच्या दुपारी मास्तर हळूच म्हणाले, "डावीला मी फणसाचा चीक लावला होता, सदा." त्यांनी पडवीतल्या शिळेकडे बघितलं. "सरस्वती वारली तेव्हा खरवडायला गेलो. सुरीचं पातं मोडलं, कळी हलली नाही... तो राजा बरा रे. मीच मुख्य, असं तोंडावर म्हणाला तरी. मी देवीला पुढं केलं. मी गेलो की माईला सांग हो. मला धीर नाही." मी हो म्हटलं.

तेराव्यानंतर गेलो. ज्या होकारावर आपण या घरात आलो तो खोटा होता, हे त्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं? मी शब्द जुळवत होतो, तोवर माईकाकूंनी पदराची गाठ सोडून काळी कळी माझ्यापुढे ठेवली. "हे गेले त्या सकाळी पडली. आपसूक."

"काकू, मास्तरांनी मला..."

"चिकाचं ना? ठाऊक आहे. चाळीस वर्षं ती शिळा मीच पुसते. बोटाला कळतं."

"मग कधी बोलला नाहीत?"

"बोलून जाणार कुठं होते?"

मला रडू आलं. त्यांना नाही. त्यांनी अंगणातून तगरीच्या दोन कळ्या आणल्या, तांब्यात बुडवल्या आणि शिळेच्या दोन्ही अंगांना लावल्या. "आता मी विचारते," त्या शिळेला म्हणाल्या. "मी आले ते तुला चाललं का, एवढंच सांग." दिवेलागणीपर्यंत आम्ही बघत बसलो.

गेल्या रविवारी पुन्हा जाऊन आलो. तीन आठवडे झाले. पाणी कधीच वाळलं असणार. दोन्ही कळ्या होत्या तिथेच आहेत, अजून पांढऱ्याशुभ्र, आणि माईकाकू समोर बसून आहेत.