तीस हजारांची पूजा

बाबांना आईचा राग आला की ते ओरडत नाहीत, गोष्ट सांगतात. पाहुणा कोणीही असो, चहाचा पहिला घोट पोटात गेला की सुरू: "आमच्या हिने तीस हजारांची पूजा केलेली, ठाऊक आहे ना?"

बाबा निवृत्तीनंतर नाणी जमवायला लागले. राजेरजवाड्यांची नव्हेत; सरकार कुणाच्या जयंतीबियंतीला चांदीची नवी काढतं, ती. त्यातली एकसारखी दोन त्यांनी नाणी तपासणाऱ्या एका कंपनीकडे पाठवलेली. तिथले लोक भिंगाखाली बघून नाण्याला सत्तरपैकी गुण देतात आणि पारदर्शक डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. दोन्हींना सत्तर मिळाले. माझ्या दहावीला वाटले नसतील इतके पेढे त्या दिवशी आमच्या कोपरच्या बिल्डिंगमध्ये वाटले गेले. मग नाण्यांच्या बाजारभावांचं जाडजूड पुस्तक घरात आलं. त्यात या नाण्यापुढे छापलेलं, तीस हजार.

त्या लक्ष्मीपूजनाला आईने तबकात ठेवायला एक डबी मागितली. बाबांनी मोठ्या कौतुकाने दिली आणि ते खाली कंदील लावायला गेले. आईला प्रश्न पडला, प्लास्टिकमधून अभिषेक पोचणार कसा? तिने खलातला बत्ता घेतला, डबी फोडली, नाण्याला पंचामृताची आंघोळ घातली, दंतमंजन लावून लख्ख घासलं आणि हळदकुंकू वाहिलं. बाबा वर आले तेव्हा नाणं झेंडूवर बसून चमकत होतं. डबी फुटली की गुण गेले, घासलं की उरलीसुरली अब्रूही गेली, हे त्या बिचारीला कोणी सांगितलेलं?

तेव्हापासून ती गोष्ट. पाहुणे हसायचे, आईही हसायची. पण पुढच्या दिवाळीला तिने तबकात साधा रुपया ठेवला. चांदीचं निरांजन घासायचं तरी "अहो, घासू ना?" असं विचारायला लागली. स्वतःच्या माहेरचं निरांजन. माझं डोकं फिरायचं.

यंदा पुस्तकाची नवी आवृत्ती आली. बाबा पान उघडून म्हणाले, "आता पस्तीस हजारांची पूजा झाली बघ." आईने मान खाली घातली आणि माझा तोल गेला.

"चला बाबा, डबीतलं दुसरं विकूनच टाकू. बघू तरी कोण देतंय पस्तीस."

टेंभी नाक्याजवळच्या हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन लागलेलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, पुस्तक काखेत मारून निघाले. मी आईचं घासलेलं नाणं देव्हाऱ्यातून गुपचूप उचलून पर्समध्ये टाकलं.

टेबलामागचा व्यापारी बोलघेवडा होता. त्याने डबी उजेडात धरली. "नऊ देतो."

"नऊ हजार? अहो, हे बघा." बाबांनी पान त्याच्या नाकासमोर धरलं.

"काका, तो दुकानातून घ्यायचा भाव झाला, तोही सुरुवातीचा. तेव्हा सत्तरवाली मोजकी होती, कोणा हौशी माणसाने तेवढे दिले, ते छापलं. मग सगळ्यांनीच आपापली पाठवली. नाणं नवं, टांकसाळीतून कोरंच येतं, गुण मिळणारच ना? तसली ढीगभर माझ्याच ड्रॉवरमध्ये पडून आहेत. आम्ही आपसात दहा-अकराला घेतो-देतो, ते कोण छापायला जातंय? राहता कुठे?"

"कोपरला."

"मग तिथे फ्लॅटचा भाव सांगतात किती आणि फ्लॅट जातो कितीला?"

बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांना हे चांगलं ठाऊक होतं. तरी पुढची टेबलं त्यांनी पालथी घातलीच. सगळीकडे तेच, कुठे थोडं कमीच. शेवटी आम्ही पहिल्याकडे परत आलो आणि मी पर्समधलं नाणं काढलं.

"हे घासलंय कोणीतरी," तो म्हणाला. "पण चांदी चढलीये. सात देईन, नुसत्या चांदीचे."

"बाबा, नऊ वजा सात?"

"दोन," बाबा पुटपुटले.

"मग एवढी वर्षं काय लावलंय?"

दोन्ही नाणी त्यांनी रुमालात बांधली. रिक्षात म्हणाले, "आईला इतक्यात बोलू नकोस." मी म्हटलं, आईला काय, वॉचमनलाही सांगणार आहे. त्यावर ते म्हणाले, "नको. मी सांगतो."

घरी आई थालीपीठ लावत होती आणि शेजारच्या काकू विरजण मागायला आलेल्या. काकूंनी ती गोष्ट किती वेळा ऐकली असेल देव जाणे. बाबा चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"वहिनी, तीस हजारांची ती गोष्ट खोटी आहे. फार तर दोन गेले. मी पुस्तक वाचून बोलत होतो."

मला वाटलं आता आई त्यांची चांगली फिरकी घेणार. तिने गॅस बंद केला.

"मला वाटायचं, तुमची म्हातारपणची पुंजीच मी घालवली," ती म्हणाली आणि काकूंसमोरच रडायला लागली. "रोज दिवा लावताना वाटायचं."

मलाही भरून आलं, आणि बाबांचा असा राग आला की बोलायची सोय नाही.

"चुकलं गं माझं," बाबा म्हणाले.

हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. आईनेही पहिल्यांदाच ऐकला असावा, कारण तिने डोळे पुसले, काकूंना बसून घ्या म्हणाली आणि बाबांना तो परत एकदा म्हणायला लावला.