भाऊंना कोणी सांगायचं

आमच्या कचेरीत कूलर एकच होता, आणि तो भाऊंच्या पाठीमागच्या खिडकीत बसवलेला होता. भाऊ आमच्यात सगळ्यांत जुने, म्हणून हवेची जागा त्यांची. एप्रिल लागला, कूलरला वाळ्याची नवी खस लावली, पाणी सोडलं, पंखा घरघरला, आणि पहिल्याच दुपारी खोलीतल्या सगळ्यांच्या माना खाली गेल्या. खसचा वास यायला पाहिजे होता. त्याच्या आधी भाऊंचा येत होता.

तसा तो हिवाळ्यापासूनच होता. पण हिवाळ्यात तो भाऊंपाशीच राहायचा, आणि भाऊंपाशी बसणारा मी एकटा. दुपारी आम्ही दोघं एका टेबलावर जेवायचो. मी रामटेककडचा, सक्करदऱ्याला एका खोलीत राहणारा, लग्न न झालेला. खानावळीचा डबा उघडला की भूकच मरायची. भाऊंची बायको होती तोवर त्यांच्या डब्यात माझ्या वाटची भाकर असायची, झुणका असायचा. कधी न पाहिलेल्या माणसासाठी ती बाई भाकर थापायची. दिवाळीनंतर ती गेली. मूलबाळ नव्हतं. मग भाऊ माझ्या डब्यातलं खाऊ लागले. दिवसभरात कामाशिवाय माझ्याशी बोलणारं माणूस तेवढं एकच होतं, हे लपवून कशाला ठेवू.

कूलर सुरू झाला आणि लोकांना कंठ फुटला. भाऊंसमोर नाही हो, व्हरांड्यात, पानठेल्यावर. एकानं टेबलावर उदबत्ती लावली. दुसरा नाकाला रुमाल बांधून टाइप करायचा, आणि भाऊंनी विचारलं की सर्दी झाली म्हणायचा. भर मे महिन्यात सर्दी. शेवटी बडेबाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, मला बोलावलं. "तुम्ही त्यांचे दोस्त. तुम्हीच सांगा. नाहीतर सोमवारपासून त्यांना रेकॉर्ड रूममध्ये बसवतो, जुन्या फायली लावायचं काम पडलेलंच आहे." रेकॉर्ड रूम मागच्या अंगणात, टिनाच्या छपराखाली. नागपूरच्या मे महिन्यात तिथं म्हाताऱ्या माणसाला बसवायचं म्हणजे पापड भाजल्यासारखं भाजायचं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एरवी भाऊंच्या जवळ कोणी फिरकत नव्हतं, आणि सांगायच्या वेळी दोस्त मी.

पण सांगू कसा? बापाच्या वयाचा माणूस. अवघड जागेचं दुखणं म्हणतात ते हेच. मग मी कांद्याचा आडोसा घेतला. उन्हाळ्यात आमच्याकडे खिशात कांदा ठेवल्याशिवाय जुनी माणसं घराबाहेर पडत नाहीत, ऊन लागू नये म्हणून. भाऊंच्याही खिशात असायचा. जेवता जेवता मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या खिशातला कांदा सडला वाटते. वास येऊन राहिला."

भाऊंनी कांदा काढून हुंगला. "असंन गा. होळीपासून हाच हाय. तुही वहिनी होती तं तीच बदलवत होती. मले काय माहीत, बदला लागते म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून भाऊ रोज ताजा कांदा आणू लागले. आल्या आल्या मला दाखवायचे, "पाय गा, आजचा नवा." वरून सगळ्या खोलीला ऐकवायचे, की या पोरानं सांगितलं, नाहीतर आपल्या ध्यानातच आलं नसतं. लोक माझ्याकडे पाहून गालातल्या गालात हसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वास जिथल्या तिथं होता.

शनिवार उजाडला. आता सांगितलं नाही तर सोमवारी भाऊ टिनाखाली. कचेरी सुटल्यावर मी त्यांना सीताबर्डीवर उसाचा रस प्यायला नेलं आणि रसवंतीतल्या मागच्या बाकावर बसवलं. "भाऊ, तो कांद्याचा नव्हता. तुमच्या अंगाचा येते, कपड्यांचा." एका दमात बोललो आणि ग्लासात पाहत बसलो.

त्यांनी सदऱ्याची बाही नाकाशी नेऊन हुंगली. मग भाऊ म्हणाले, "मी तं रोज आंघोळ करतो गा. कपडेही भिजवतो, पिळतो, घरात दोरीवर टाकतो."

"साबण लावून घासत नाही?"

"घासा लागते?"

जन्मात एक बनियन धुतलेलं नव्हतं त्या माणसानं. आधी आईनं धुतलं, मग बायकोनं. साबण कसा लावायचा, कॉलर कशी घासायची, उन्हात उलटं करून कसं टाकायचं, सगळं मी सांगितलं. शाळेतल्या मुलासारखे ते मान हलवत होते.

"कवापासून येते?" त्यांनी विचारलं.

"हिवाळ्यापासून."

"न तू रोज बाजूले बसून जेवत होता? काहून नाही सांगतलं?"

सांगितलं असतं तर तुम्ही उठून गेला असता आणि माझ्यासोबत जेवायला कोणी उरलं नसतं. खरं होतं तेच मी बोललो. भाऊ रागावले नाहीत, हसलेही नाहीत. "तुही वहिनी असती तं दारातूनच वापस नेलं असतं मले," एवढंच म्हणाले. दुपट्टा कानांवर घट्ट बांधला आणि सायकलवर न बसता ती हातात धरून चालत निघाले.

सोमवारी भाऊ पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत आले. अंगाला साबणाचा वास, कॉलर घासून घासून विरल्यासारखी. बडेबाबू खूश झाले. रेकॉर्ड रूमचं राहू द्या म्हणाले. पण भाऊच हटून बसले. "नाही साहेब, फायली मीच लावतो. मी तिकडंच बसतो." आता सगळ्यांच्या तोंडातून साखर गळायला लागली, भाऊ कशाला, भाऊ तुमची जागा आहे ही. त्यांनी कोणाचं ऐकलं नाही. कूलरसमोर सर्दीवाला जाऊन बसला.

दुपारी मी डबा घेऊन मागे गेलो. टिन तापून कडकड वाजत होतं. भाऊ पार टोकाच्या खिडकीशी बसले होते. मी जवळ स्टूल ओढायला लागलो तर त्यांनी हात आडवा केला. "तिथंच बस गा, दारापाशी. तिथं हवा येते."

"भाऊ, आता येत नाही वास. खरंच सांगतो."

"तू मन राखाले बोलून राहिला," ते म्हणाले. "हिवाळाभर नाही बोलला, आता कायले बोलशीन."

मी किती शपथा घेतल्या. त्यांनी मान डोलावली, पण स्टूल काही पुढे येऊ दिलं नाही. त्यांच्या वाटच्या पोळ्या मी कागदावर ठेवल्या, आणि मी दारापाशी परत गेल्यावर त्यांनी त्या उचलल्या. ते रिटायर होईपर्यंत आम्ही असेच जेवलो, मी दाराशी आणि ते खिडकीशी. एवढ्या लांबून बोलायचं तर मोठ्यानं बोलावं लागायचं, म्हणून हळूहळू बोलणंही कमी झालं.