पऱ्हाटीचा कोळसा

शेषराव सरांनी बावीस वर्षं कोळसा केला. चिखलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते प्राध्यापक होते. गावी, वरवट बकालला, कोळशेवाले.

कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी उरते. लोक ती चुलीत घालतात. सर ती तीनदा धुऊन, वाळवून, बंद भट्टीत हवा न लागू देता भाजत. त्यातून निघणारा भुगा इतक्या बारीक छिद्रांचा, की चिमटीतल्या भुग्याच्या आतल्या भिंती पसरल्या तर कबड्डीची दोन मैदानं झाकतील. त्या छिद्रांत वीज साठवायची. एकवीस वर्षं ती साठली, पण बेताची.

गेल्या वर्षी एका नमुन्यात दुप्पट साठली. सरांनी तीनदा मोजली. मग मीटर बदलून मोजली. मग घरी जाऊन न जेवता झोपले.

नमुन्यात नायट्रोजन सापडला होता. कुठून आला, ते कळेना. तरी पेपर पाठवला. परीक्षकानं कळवलं: साठ दिवसांत तोच आकडा पुन्हा दाखवा, नाहीतर पेपर परत.

सरांनी त्याच शेतातली पऱ्हाटी आणली. धुतली, भाजली. वीज बेताची. असं सात वेळा झालं. त्रेचाळिसाव्या दिवशी त्यांनी गावची एसटी धरली. तो चांगला भारा तानाबाई मावशीकडून आला होता.

"मावशी, मागच्या साली पऱ्हाटी कुठं ठेवली होती?"

"शेळ्याइच्या खाली. त्याइले ओल लागू नाही म्हणून."

"म्हणजे शेळ्या तिच्यावरच..."

"मंग काय तालुक्याले जातीन का थ्या?"

सर ओट्यावर बसले. तो एक भारा दिवाळीच्या घाईत न धुताच भट्टीत गेला होता.

"शेळ्या कुठं आहेत?"

"इकल्या. काऊन बे? एवढा शिकला, अन् मले शेळीच्या मुताचं इचारून राह्यला!"

चिखलीत विभागप्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं. दार लावलं.

"सर, युरियाच्या पाण्यात भिजवली, असं लिहा. आकडा येईल. शोभेलही."

"पण भिजवली नव्हती."

"बावीस वर्षांचं काम आहे, सर."

"हो ना," सर म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी पेपरात दुरुस्ती केली. कच्चा माल: पऱ्हाटी, वरवट बकाल. पूर्वप्रक्रिया: शेळ्या, चार, आठ महिने. खाली मुदत वाढवून मागितली. पाठवायचं बटण दाबलं आणि तासाला गेले.

अकरा दिवसांनी उत्तर आलं. मुदत मंजूर. शेळ्या काय खातात, त्याची नोंद ठेवावी.

प्रयोगशाळेमागं आता पत्र्याच्या शेडात चार शेळ्या आहेत. खाली पऱ्हाटी. सर सकाळी वही घेऊन जातात. तीन महिने झाले. आकडा येईल की नाही, ते अजून ठाऊक नाही.

परवा तानाबाई येऊन पाहून गेली. शेळ्यांना तिनं नावं ठेवली, दोघी रोड आहेत म्हणाली. एसटीत चढताना वळली.

"शेषराव, या खेपेले धुजो नको बरं."